दोनदाच विचारायचं

“नको नको, मुली बिचाऱ्या आधीच कामानं बेजार असतात,” हॅल्मर सुंडे म्हणाले आणि मी माझ्या कागदावर ‘नाही’च्या चौकटीत खूण केली. प्रश्न दोनदा वाचून झाला होता आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आलं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या आर्डिसनं मात्र काहीच खूण केली नाही. तिनं पेन्सिल कागद लावलेल्या फळीवर आडवी ठेवली, चष्मा काढला आणि खिडकीकडे बघत विचारलं, “पुतण्यानं मका काढला का हो सगळा?”

मला कळेना ही काय करतेय. प्रश्न मक्याचा नव्हताच. प्रश्न होता, रोज मिळते त्यापेक्षा जास्त वेळा चालायला मदत मिळावी असं तुम्हाला वाटतं का. पण हॅल्मर मक्यावर बोलायला लागले. पुतण्याचं नवं यंत्र, मग पाऊस, मग शाळा. इथल्याच, टॉरविक गावच्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं झाडलोट केली होती आणि बॉयलर सांभाळला होता. या शुश्रूषागृहातल्या लांबलचक व्हरांड्याला मेण कसं लावतात ते त्यांना पटत नव्हतं. कडेला थर साठतो म्हणाले. तक्रार नव्हे हं, असंही म्हणाले. दहा मिनिटं हे चाललं आणि मी आपली घड्याळाकडे बघतेय.

मग आर्डिसनं चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, “आणि ते चालायचं काय म्हणालात?”

हॅल्मरनी आपल्या बुटांकडे पाहिलं. बूट नाडीचे होते, पॉलिश केलेले. चाकाच्या खुर्चीतून जेवायला नेतात त्या माणसाला असे बूट कशाला लागतात, हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

“जेवायला तरी चालत जावंसं वाटतं,” ते म्हणाले. “इथून जेवणघर एकशे बारा पावलं. मी मोजलीत. त्या मुली खुर्चीत घालून नेतात, त्यांचं लवकर होतं. पण पाय एकदा गेले की गेलेच ना.” मग म्हणाले, “राहू दे पण. त्यांना सांगू नका.”

आर्डिसनं पेन्सिल उचलली आणि खूण केली. तिचा कागद मला दिसत नव्हता, पण ‘हो’ची चौकट उजवीकडे असते आणि तिचा हात उजवीकडे गेला होता.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची, नवऱ्यापासून वेगळी झालेली, धान्याच्या कोठारावरची नोकरी गेलेली. सरकारनं एका कंपनीला काम दिलं होतं आणि कंपनीनं आम्हाला. म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहांतून हिंडायचं आणि तिथं राहणाऱ्यांनाच विचारायचं. जेवण गरम मिळतं का, घंटा वाजवली की किती वेळानं कोणी येतं, संडासला वेळेवर नेतात का, चालवतात का. दार लावून घ्यायचं, गृहातलं कोणी खोलीत असता कामा नये. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. उत्तर मोघम आलं तर आणखी एकदा वाचायचा. तिसऱ्यांदा वाचायचा नाही, कारण तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे आपण त्यांच्या तोंडात उत्तर घालतो. मान डोलवायची नाही, ‘छान’ म्हणायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. हे सगळं मला प्रशिक्षणात पाठ करून घेतलं होतं आणि मी पाठ करण्यात पहिल्यापासून हुशार.

दर काही महिन्यांनी प्रत्येकीबरोबर आणखी एकानं जायचं. दोघांनी एकच मुलाखत ऐकायची, आपापल्या कागदावर खुणा करायच्या, एकमेकांना दाखवायच्या नाहीत. कचेरीत ते कागद शेजारी शेजारी ठेवून जुळवत. दहातली नऊ उत्तरं जुळली पाहिजेत. आर्डिस त्या कामात चौदा वर्षं मुरलेली आणि मी तीन आठवड्यांची. म्हणून मला वाटलं, मला शिकायला पाठवलंय. खरं कारण निराळं होतं, माझ्या कागदांवरून तिचे ताडून बघायचे होते. आर्डिसच्या गृहांचे निकाल नेहमी इतरांपेक्षा वाईट यायचे. गृहांचे व्यवस्थापक कुरकुर करत होते की ही बाई माणसांना बोलतं करते.

पहिल्याच दिवशी मी तिला ‘आर्डिसबाई, तुम्ही’ म्हणाले तर तिनं मला झापलं. “मला अहोजाहो करू नकोस, मी काही तुझी सासू नाही.” उंच, हाडापेरानं रुंद बाई. पूर्वी गायींच्या दवाखान्यात कामाला होती. लग्न केलं नाही. मोटारीत मागच्या सीटवर कायम आल्याच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा आणि तो उघडला की प्रत्येक वेळी तीनदा विचारायची. मी दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा एक घ्यायचे. त्यात विशेष ते काय? आमच्याकडे कोणीही असंच करतं.

त्या दिवशी हॅल्मरच्या खोलीतून निघून आम्ही मोटारीत बसलो आणि मी न राहवून म्हटलं, “तू त्यांना तिसऱ्यांदा विचारलंस.”

“मग?”

“नियम दोनदाचा आहे.”

तिनं किल्ली फिरवली, मोटार चालू केली नाही. म्हणाली, “लव्हॉन, तुझ्या घरी कोणी आलं तर कॉफी किती वेळा विचारतेस?”

कॉफी अर्थातच तीनदा. आमच्या उत्तरेकडच्या भागात पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस म्हणजे हावरट. दुसऱ्याला हो म्हणणारा म्हणजे कुठून तरी बाहेरून आलेला. तिसऱ्यांदा विचारलं की मग ‘बरं, अर्धा कप, तुझा आग्रहच आहे तर’ असं म्हणायचं. माझ्या बहिणीनं टेक्ससचा नवरा केला. पहिल्या भेटीत आईनं त्याला केक विचारला आणि तो ‘हो’ म्हणून मोकळा झाला. आईला घाम फुटला, कारण केक कापलेलासुद्धा नव्हता. त्यानं मात्र आईला आपली खुर्ची एकदाच देऊ केली, ती नको म्हणाली, तर हा खुशाल बसून राहिला. आई त्याचा तो अपराध मरेपर्यंत विसरली नाही.

“हे प्रश्न लिहिणाऱ्यांचा दोष नाही,” आर्डिस म्हणाली. “कुठल्या तरी मोठ्या शहरातली शिकलेली माणसं ती. त्यांच्याकडे नाही म्हणजे नाही असेल. आपल्याकडे पहिलं नाही हे नुसतं नमस्कारासारखं असतं. दुसरं नाही म्हणजे तुम्ही खरंच विचारताय का ते बघणं. आणि कंपनी नेमकं तिथेच आपलं दप्तर मिटायला सांगते.” मग तिनं मोटार चालू केली.

त्या एका दिवसात आम्ही दहा मुलाखती घेतल्या. चालण्याच्या प्रश्नावर दहाही जण दोनदा नाही म्हणाले होते. तिसऱ्यांदा सात जण हो म्हणाले. एक म्हातारी तर आर्डिसनं तिसऱ्यांदा विचारल्यावर रडायलाच लागली. सहा आठवडे झाले होते, तिला कोणी उभंसुद्धा केलं नव्हतं. तरीही ती सारखी सांगत होती की मुली फार गोड आहेत. मी माझ्या कागदावर दहा ‘नाही’ केले. मला ते रडणं ऐकू आलं नाही असं नाही. मला नियम पाठ होता.

तीन दिवसांनी कचेरीतल्या वरिष्ठ बाईंचा फोन आला. कागद जुळले नव्हते. आवाज मऊ होता, मला सांभाळून घेत बोलत होत्या. आर्डिसनं प्रश्न किती वेळा विचारला एवढंच त्यांना हवं होतं. मी स्वयंपाकघरात उभी होते. समोर घराच्या हप्त्याचं पत्र फ्रिजवर चिकटवलेलं, आतल्या खोलीत मुलगी शाळेचा अभ्यास करत होती.

“तीनदा,” मी म्हटलं.

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी.”

खोटं एक अक्षर बोलले नाही. आजही कोणी शपथेवर विचारलं तर हेच सांगीन. त्याचीच तर बोच आहे. खोटं बोलले असते तर निदान माफी कशाची मागायची ते कळलं असतं.

आर्डिसची नोकरी गेली. तिचे कागद रद्द झाले आणि माझे धरले गेले. तेव्हा एक नियम नवीन आला होता. एखाद्या गृहातल्या निम्म्याहून जास्त माणसांनी चालायला मदत हवी म्हटलं, तर त्या गृहाला नुसत्या चालवण्याच्या कामासाठी एक माणूस ठेवावाच लागायचा. टॉरविकच्या गृहात अशी एक बाई अर्धा वेळ होती. माझ्या कागदांप्रमाणे तिथं कोणालाच चालायचं नव्हतं, त्यामुळे तिला दुसऱ्या कामावर घेतलं. गृहाला त्या वर्षी उत्तम गुण मिळाले. दारात फलक लागला, ‘आमचे रहिवासी समाधानी आहेत’. त्यावर फुगे काढलेले होते.

पुढच्या वर्षी मी एकटीच तिथं गेले. हॅल्मर सुंडे खुर्चीत होते, पायांत जाड लोकरी मोजे, पाय लोखंडी पट्टीवर ठेवलेले. चालण्याचा प्रश्न वाचला तर पहिल्याच वेळी सरळ म्हणाले, “नाही.” त्यात मुली कामात असतात वगैरे काही नव्हतं. नियमाप्रमाणे उत्तर स्पष्ट होतं, दुसऱ्यांदा वाचायची गरजच नव्हती. बूट कुठे गेले म्हणून मी पलंगाखाली डोकावले. बूट तिथेच होते, नाड्या आत खोचून, शेजारी शेजारी ठेवलेले. वसंतात ते गेले. मी दफनाला गेले नाही. आर्डिस गेली होती असं कळलं.

टॉरविक एवढंसं गाव. मी तिथून वीस मैलांवर राहते, पण चर्च एकच. चुकवून चुकवून किती चुकवणार? आर्डिसची नोकरी गेल्यावर पहिल्याच रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात आम्ही समोरासमोर आलो. आर्डिसच्या हातात कॉफीची मोठी किटली होती. आता ही काय बोलते याची मी वाट पाहत होते. ती म्हणाली, “कॉफी?” मी नको म्हटलं. “थोडीशी.” मी नको म्हटलं. “अगं, ताजी आहे, घे.” मी कप पुढे केला. तिनं काठोकाठ ओतली आणि पुढच्या माणसाकडे गेली.

त्यानंतर बारा वर्षं हे असंच चाललं. नोकरीचा विषय तिनं काढला नाही, मी तर नाहीच नाही. नोकरी गेल्यावर ती लोकांची कुत्री सांभाळायची, गुरुवारी गृहात जाऊन म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. त्यांना धरून चालवायची तिनं परवानगी मागितली होती, पण विम्याचं कारण सांगून गृहानं दिली नाही. रविवारी तळघरात मला कॉफी विचारायची. प्रत्येक वेळी तीनदा. कधी कधी मला वाटायचं, ही मला माफ करतेय. कधी वाटायचं, ही मला शिकवतेय. दोन्ही वेळा कॉफी कडू लागायची आणि मी ती संपवायचे.

मीही त्या बारा वर्षांत काही फार शहाणी झाले असं नाही. नोकरी टिकवली. मुलगी शिकली, दूर गेली, रविवारी फोन करते. मी ठीक आहे म्हणते. ती एकदाच विचारते, तिकडच्या लोकांत राहून तिला तीच सवय लागली. हजारो खोल्यांतून मी तोच प्रश्न वाचला. माणसं दोनदा नको म्हणत आणि माझ्याकडे बघत. मला ते बघणं पुरतं ओळखू यायला लागलं होतं. तिसऱ्याची वाट बघणारं माणूस एवढंसं पुढे झुकतं, एखादा इंच. मी पान उलटायचे. जुळणीत माझे गुण कायम पैकीच्या पैकी. कंपनीनं मला दोनदा प्रशस्तिपत्र दिलं. ती कपाटात आहेत, भिंतीवर लावावीशी कधी वाटली नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात आर्डिस बर्फावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. वय अठ्ठ्याहत्तर. शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली म्हणे. घरी बघणारं कोणी नाही म्हणून टॉरविकच्या गृहात आणली. खोली चौदा. मी नाताळात फुलं पाठवली, स्वतः गेले नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज चाललीस तर उन्हाळ्यापर्यंत घरी जाशील, नाही चाललीस तर इथंच. हे मला चर्चमधल्या बायकांकडून कळलं. गृहात त्या बाजूच्या बावीस माणसांमागे मदतनीस दोनच होत्या, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

मार्चमध्ये टॉरविकचं काम माझ्याकडे आलं. ओळखीच्या माणसाची मुलाखत घेऊ नये असा नियम नाही, नात्याच्या माणसाची घेऊ नये असा आहे. ओळखीची माणसं वगळायची तर या भागात कोणाचीच मुलाखत व्हायची नाही. आणि त्या वेळी जुळणीची पाळीही माझीच होती. कचेरीतून ड्वेन नावाचा माणूस आला. पन्नाशीचा, ॲरिझोनाचा, सभ्य. इथल्या थंडीला मनापासून घाबरणारा. त्याला सकाळी मी कॉफी विचारली, तो हो म्हणाला.

चौदा नंबरचं दार उघडलं. आर्डिस खिडकीशी खुर्चीत बसली होती. ती एवढीशी झाली होती, खांदे आत वळलेले. चालायला दिलेली लोखंडी चौकट कोपऱ्यात होती आणि तिच्यावर एक स्वेटर आणि दोन टॉवेल वाळत घातले होते. खिडकीच्या कठड्यावर तोच पत्र्याचा डबा. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या हातातल्या फळ्या बघून तर नाहीच.

“बसा,” ती म्हणाली. “दार लावून घ्या. नियम आहे.”

ड्वेन हसला. मी नाही.

मी ओळखीचं वाक्य वाचलं, तुमची उत्तरं गुप्त राहतील वगैरे. ती माझ्याबरोबर ओठ हलवत होती, एवढी वर्षं झाली तरी तिला ते पाठ होतं. जेवणाचे प्रश्न झाले. अन्न बरं असतं म्हणाली, हॉटडिशमध्ये, म्हणजे त्या भाजलेल्या मांस-बटाट्यात, मीठ कमी. घंटेचे झाले. येतात म्हणाली, कधीतरी येतातच. संडासच्या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं तेव्हा तिची मान ताठ होती आणि मी कागदावरून डोळे वर केले नाहीत.

मग तो प्रश्न आला. छापलाय तसा मी वाचला. “रोज मिळते त्यापेक्षा जास्त वेळा चालायला मदत मिळावी असं तुम्हाला वाटतं का?”

एक क्षण मला खरंच वाटलं की ही पटकन हो म्हणेल. उत्तराचं पुढे काय होतं हे हिच्याइतकं कोणाला ठाऊक? एका खुणेवर कोण चालतं आणि कोण बसून राहतं हे हिनं चौदा वर्षं पाहिलेलं. मनातल्या मनात मी तिला म्हणत होते, बाई गं, एवढ्या वेळी तरी रीतभात ठेव बाजूला. एक शब्द बोल. तो ॲरिझोनाचा माणूस काही तुला हावरट म्हणणार नाही.

“नको,” आर्डिस म्हणाली. “मुली कामात असतात.”

डोक्याला सगळं माहीत असलं तरी जिभेला कोण समजावणार? अठ्ठ्याहत्तर वर्षांची जीभ ती. तिच्या आईनं वळण लावलेली, जशी माझी माझ्या आईनं.

मी दुसऱ्यांदा वाचलं. सावकाश. एकेक शब्द सुटा करून वाचला, आवाजात काही येऊ न देता. नियमात एवढंच बसत होतं.

“नको गं,” ती म्हणाली. “चाललंय ते बरं आहे.”

आणि ती पुढे झुकली. इंचभर.

ड्वेननं आपल्या कागदावर खूण केली. पेन्सिलीचा आवाज मला ऐकू आला. माझी पेन्सिल ‘नाही’च्या चौकटीवर होती आणि हलत नव्हती. मला फक्त चष्मा काढायचा होता. मका कसा झाला विचारायचं होतं. मार्चमध्ये मका नसतो, पण काहीही चाललं असतं. कुत्र्यांचं विचारता आलं असतं, बर्फाचं विचारता आलं असतं. मग ‘आणि ते चालायचं काय म्हणालीस’. माझे कागद जुळले नसते. कोणीतरी ड्वेनला फोन करून विचारलं असतं, किती वेळा? तो सभ्य माणूस होता, त्यानं खरं सांगितलं असतं. मला पंचावन्न पूर्ण झाली होती आणि निवृत्तीला अजून सात वर्षं बाकी होती.

ड्वेननं माझ्याकडे पाहिलं, बहुतेक त्याला वाटलं मी ओळ चुकले.

आर्डिस परत मागे टेकली. तिनं ड्वेनकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि तिला सगळं कळलं.

“लव्हॉन,” ती म्हणाली, “दोनदा झालं. लिही.”

त्या आवाजात राग असता तर मी सहन केला असता. बारा वर्षं मी त्याची तयारी करून बसले होते. राग नव्हता. गायीच्या दवाखान्यात नव्या मुलीला सुई कुठे टोचायची ते सांगावं, तसा आवाज होता. मी लिहिलं. खूण चौकटीच्या जरा बाहेर गेली, मी ती खोडून नीट केली.

उरलेले प्रश्न मी कसे वाचले मला आठवत नाही. बहुतेक नीटच वाचले असणार, कारण सगळी उत्तरं जुळली. शेवटचं आभाराचं वाक्य वाचलं. ड्वेननं तिचा हात हातात घेतला, बऱ्या व्हा म्हणाला आणि पुढच्या खोलीचा नंबर शोधत व्हरांड्यात गेला. मी फळी बगलेत धरून उभी राहिले. टॉवेलांखालच्या त्या लोखंडी चौकटीकडे माझं सारखं लक्ष जात होतं.

आर्डिसनं कठड्यावरचा डबा मांडीवर घेतला आणि उघडला. आल्याचा वास आला.

“घे,” ती म्हणाली.

“नको गं, आत्ताच खाल्लंय.”

“एखादं तरी.”

“नको, खरंच नको,” मी म्हटलं.

आणि थांबले. दारापर्यंत गेले होते, तिथून परत दोन पावलं आत आले. माझं मनाशी ठरलं होतं. आता तिनं विचारलं की बसायचं, ड्वेन वाट बघेना का. बिस्किट घ्यायचं, फळी खाली ठेवायची, आणि कागदाबाहेरचं म्हणून, माझं म्हणून, तिला तिसऱ्यांदा विचारायचं. आमच्याकडे थांबायचं कसं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मी तशीच थांबले होते, थोडी पुढे झुकून.

आर्डिसनं माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मग डब्याला झाकण लावलं आणि दोन्ही अंगठ्यांनी चारी बाजूंनी दाबून घट्ट बसवलं.